बेबीच्या शहरात दादाचं ऑपरेशन

विमानतळावरून निघालेली ट्राम नदीच्या वळणाला लागली आणि बेबीच्या लक्षात आलं, की आपण हसतोय.

खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. चांगला खुलला होता. समोरच्या बाकावर दादा मफलरात हनुवटी खुपसून बसला होता, आणि त्याच्या शेजारी वहिनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी आवळून बेबीकडेच बघत होती. बेबीनं घाईघाईनं ओठ मिटले आणि खोकल्याचं सोंग केलं. ज्या घरात हल्ली खोकला हा शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं काढत नव्हतं, तिथं हे सोंग म्हणजे कहरच होता.

"काय झालं वन्सं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. धूळ गेली घशात."

"खिडकी तर बंद आहे."

बेबीनं खिडकीकडे पाठ फिरवली. पण डोळे काही केल्या आत वळेनात. तो बघ पूल, तो बघ कोपऱ्यावरचा घड्याळाचा मनोरा, ती बघ चढावाची गल्ली, असं आत कुणीतरी उड्या मारत होतं. आणि आपल्याला आनंद होतोय म्हणून तिला स्वतःची लाज वाटत होती.

पन्नाशी उलटली, लेकीचं लग्न झालं, तरी घरात ती बेबीच होती. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून ती या शहरात कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला आली होती. परत जाऊन गिरणीच्या रंगखात्यात चिकटली, संसाराला लागली, पण या शहरानं तिला सोडलं नाही. जेवताना, लग्नकार्यात, कुणाच्या दुखण्याला भेटायला गेल्यावरसुद्धा तिचं "आमच्या तिकडे" सुरू व्हायचं. भाचरं तर तिची नक्कलच करायची, "आत्या, तुमच्या तिकडे ऊन कसं पडतं हो?" ती हसायची, पण खरंच सांगायलाही लागायची. इतक्या वर्षांत एकदाही परत येणं मात्र जमलं नव्हतं. कधी लेकीची परीक्षा, कधी नवऱ्याचं गुडघ्याचं दुखणं, कधी काय. शेवटी आली ती दादाचा गळा घेऊन.

दादा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. पहाटे गाड्या खाली झाल्या की मालाच्या ढिगासमोर उभा राहायचा, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, आणि हा एकेका ढिगाचा भाव चढवत न्यायचा. त्याचा आवाज फाटकाबाहेरच्या ट्रकवाल्यांना ऐकू जायचा. घरीही तो तसाच बोलायचा. नुसतं "मीठ दे" म्हणाला तरी शेजारचे दचकायचे. तो आवाज बसला. आधी सर्दीचा म्हणून, मग धुळीचा म्हणून गुळण्या झाल्या, वाफारे झाले, आणि शेवटी तपासणीत स्वरयंत्रावर गाठ निघाली. आपल्याकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल.

"मग उरलेल्याचं काय करू?" असं दादानं कुजबुजत विचारलं आणि दवाखान्यात जाणंच बंद केलं.

तेव्हा बेबीनं आपल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. वसतिगृहात ती बेबीच्या खोलीत राहायची. इतकी उंच, की बेबीनं तिचं नाव शिडी ठेवलं होतं. शिडी आता याच शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात रुग्णांना खाटा नेमून देण्याचं काम करायची. तिच्याकडून कळलं, की तिथल्या एक सर्जनबाई जमलं तर फक्त खराब भाग काढतात आणि बाकीचं राखतात. त्यातलं "जमलं तर" घरात सगळ्यांनी सोयीस्करपणे गिळून टाकलं. दादा म्हणाला, "आवाज राहणार असेल तर येतो." दादाच्या मुलानं बाकीची सगळी धावपळ केली, पण त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, तो मागे राहिला. म्हणजे दादा इथवर आला होता तो केवळ बेबीच्या शब्दावर.

हॉस्पिटलाच्या मागच्या गल्लीत शिडीनं त्यांच्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. अरुंद जिना, कोपऱ्यात शेगडी, आणि खिडकीतून दिसायचं ते धुलाईखान्याचं अंगण. तिथं दिवसभर हॉस्पिटलच्या चादरींचे ढीग गाड्यांवरून ढकलत न्यायचे. वहिनीनं आल्या आल्या पदर खोचला आणि सगळी फडताळं ओल्या फडक्यानं पुसून काढली.

ती आत पुसत असताना दादानं बेबीला खुणेनं जवळ बोलावलं.

"ती डॉक्टरीण जे बोलेल ते सगळं मला सांगायचं," तो घोगऱ्या श्वासात म्हणाला. "गाळायचं नाही."

"हो रे दादा."

थोड्या वेळानं वहिनीनं तिला मोरीपाशी गाठलं. नळ मुद्दाम चालू ठेवला.

"वाईट काही निघालं तर आधी माझ्या कानावर घाला. ह्यांना नको. उठून चालू लागतील. तुम्हाला ठाऊक आहे त्यांचा स्वभाव."

"हो वहिनी," बेबी म्हणाली. दोघांनाही हो म्हणून झालं होतं. आता जे होईल ते होईल.

हॉस्पिटलात नाव नोंदवताना खिडकीमागच्या माणसानं विचारलं, दुभाषा हवा का? फोनवरून सोय होते. बेबीला जरा रागच आला. "मी इथेच शिकलेय," ती म्हणाली, आणि तो माणूस कौतुकानं हसला तेव्हा तिची मान नकळत ताठ झाली. गेले कितीतरी महिने तिनं गळ्याचे, गाठीचे, नळ्यांचे शब्द घोकले होते. एरवी तिची इथली भाषा म्हणजे रंगांची, परीक्षेची आणि मैत्रिणींबरोबरच्या गप्पांची.

तपासण्या झाल्या आणि सर्जनबाईंनी तिघांनाही खोलीत बोलावलं. केस बारीक कापलेल्या, बेबीच्याच वयाच्या बाई. त्या टेबलामागे बसल्या नाहीत, खुर्ची ओढून दादाच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या. बोलायच्याही दादाकडे बघून. थोडं बोलायच्या, थांबायच्या, मग बेबी सांगायची. सुरुवात झोकात झाली. गाठ कशी आहे, कुठून कापायचं, किती दिवस झोपून राहायचं, सगळं बेबीनं धडाधडा सांगितलं. वहिनी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.

मग बाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा गळा उचलला, उघडून त्याचे दोन भाग केले आणि बोट खाली सरकवलं. या वेळी त्या बराच वेळ बोलत राहिल्या. गाठ आम्हाला वाटली होती त्यापेक्षा खाली उतरलेली दिसते. मी राखायचा प्रयत्न करीन. पण आत गेल्यावर ती खरंच खाली पोचलेली निघाली, तर मला सगळं स्वरयंत्र काढावं लागेल. तेव्हा यांना जागं करून विचारता येणार नाही, म्हणून परवानगी आत्ताच हवी. तसं झालं तर यांना जन्मभर मानेतल्या छिद्रातून श्वास घ्यावा लागेल. स्वतःचा आवाज जाईल. पुढे एक छोटी झडप बसवून बोलायला शिकता येतं, पण तो आवाज वेगळा. शक्यता किती म्हणाल, तर निम्मी निम्मी.

त्या थांबल्या. सगळे बेबीकडे बघू लागले.

बेबीला एक शब्द जरी अडला असता तरी तिनं पुन्हा विचारलं असतं, तेवढाच वेळ मिळाला असता. पण शब्द न् शब्द कळला होता. दादाचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि पाय मागे ओढलेले. उठायच्या आधी माणूस ओढतो तसे.

"म्हणतायत, गाठ जरा खाली आहे," बेबी म्हणाली. "ऑपरेशन थोडं मोठं होईल. त्या पूर्ण प्रयत्न करणार आहेत."

दादानं तिच्याकडे बघितलं. मग त्या उघडलेल्या प्लास्टिकच्या गळ्याकडे.

"एवढंच?"

"एवढंच."

बाईंनी विचारलं, त्यांना सगळं समजलं का? काही विचारायचंय का? बेबीनं दादाला विचारलं, "तयार आहेस ना?" दादानं वेळ घेतला, मग मान हलवली.

"हो," बेबीनं बाईंना सांगितलं. "समजलं त्यांना."

बाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सही उद्या घेऊ. त्यांना विचार करू दे."

बाहेर आल्यावर दादा हात धुवायला गेला तेवढ्यात वहिनीनं बेबीचं कोपर धरलं. "खरं काय म्हणाल्या?"

बेबीनं भराभर सांगून टाकलं. वहिनीनं भिंतीला पाठ टेकली.

"बरं केलंत नाही सांगितलंत," ती म्हणाली. "होऊ दे सही. आधी जीव वाचू दे. मग जन्मभर शिव्या घातल्या मला तरी चालेल."

"शिव्या घालायला तरी आवाज..." बेबी बोलून गेली आणि जीभ चावली. तोवर दादा रुमालाला हात पुसत आला होता.

दुपारी खोलीवर बसवेना म्हणून बेबी "औषधं घेऊन येते" म्हणत उतरली. औषधांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. ते मागे पडलं आणि तिच्या लक्षातही आलं नाही. पाय आपोआप नदीच्या दिशेला वळले होते. किती वर्षं ती झोप येईना की मनातल्या मनात याच रस्त्यानं चालायची. आधी कोपऱ्यावरची बेकरी, मग दगडी पायऱ्या, मग पूल, पुलापलीकडे वसतिगृह आणि त्याच्या मागे ती शिकली ती संस्था. संस्थेच्या मागच्या गटारातून रोज वेगळ्या रंगाचं पाणी वाहायचं. पाण्याचा रंग बघून आज कुठल्या वर्गाचं प्रात्यक्षिक आहे ते कळायचं. आता ती प्रत्यक्ष चालत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. मान खाली घालून ती नुसती तरातरा चालत होती.

संस्थेच्या जागी काचेच्या दारांचं कुठलंसं कार्यालय झालं होतं. दारावरच्या रखवालदारानं विचारलं, कोण हवंय?

"कुणी नाही. मी इथे शिकत होते. इथे कापड रंगवायला शिकवायचे."

"असेल. मी नवा आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही आमची भाषा काय छान बोलता हो!"

तो चांगल्या मनानंच म्हणाला, पण बेबीला ते झोंबलं. ही भाषा शिकताना ती क्रियापदांशी अशी झुंजत असायची, की खोटं बोलायला सवडच नव्हती. मला भूक लागलीय, मला घरची आठवण येते, हा रंग पक्का नाही. या भाषेत ती जे बोलली ते लहान मुलासारखं खरंच बोलली होती. आज पहिल्यांदा खोटं बोलली, आणि त्यात व्याकरणाची एक चूक नव्हती.

ती उलट फिरली. संस्थेजवळच्या थांब्यावरून ट्राम पकडून खोलीवर पोचली तेव्हा वहिनी जिन्यातच उभी होती.

"हे कुठायत?"

"कोण?"

"तुमच्याबरोबर नाहीत? तुमच्या मागोमाग उतरले. म्हणाले, बेबीबरोबर जाऊन येतो. मला वाटलं, दोघं..." वहिनी वळून जिना चढू लागली.

वर टेबलावर दादाचा फोन आणि चष्मा होता. खुंटीवर त्याचा कोट तसाच होता. उन्हं कलली होती, बाहेर गारठा वाढत होता आणि दादा नुसत्या स्वेटरवर गेला होता. त्याला इथली भाषा येत नव्हती. आणि कुणाला हाक मारायची म्हटली, तर तेवढा आवाज नव्हता.

"तुम्ही इथेच थांबा. दादा आला तर फोन करा," बेबी म्हणाली आणि पळत सुटली.

औषधांच्या दुकानात कुणी बघितलं नव्हतं. बेकरीतल्या बाईनं मात्र तिला ओळखलं. "मघाशी तुम्हीच गेलात ना इथून? तुमच्या मागून एक गृहस्थ येत होते. राखाडी मफलर. हात वर करकरून तुम्हाला बोलवत होते बहुतेक. मला वाटलं, तुम्ही भांडलात."

बेबी दगडी पायऱ्या दोन दोन करत उतरली. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत सुटली, राखाडी मफलर, वयस्कर माणूस, बोलता येत नाही. बोलता बोलता तिचे शब्द अडायला लागले, लिंगं चुकायला लागली, लोक "काय? काय?" विचारू लागले. पुलावर आली आणि तिची नजर कठड्यावरून खाली पाण्याकडे गेली. उठून चालू लागतील, वहिनी म्हणाली होती. पाणी काळंभोर दिसत होतं. तिनं स्वतःला एक शिवी हासडली आणि नजर उचलली.

दादा पुलाच्या पलीकडच्या टोकाला होता. ट्रामच्या थांब्यावरच्या बाकावर, गुडघ्यांवर कोपरं टेकून, मफलर नाकापर्यंत ओढून बसला होता. त्याच्या श्वासाचा आवाज बेबीला चार पावलांवरून ऐकू आला.

तिनं आधी आपला कोट काढून त्याच्या पाठीवर टाकला. मग वहिनीला फोन केला. मग बाकावर बसली आणि तिला रडूच फुटलं.

"हाका मारत होतो," दादा म्हणाला. एकेक शब्द श्वासाच्या जोरावर ढकलत होता. "तुला जाईनात ऐकू."

"कशाला आलास मागे?"

"विचारायचं होतं. हिच्यासमोर नव्हतं विचारायचं." त्यानं दोन्ही हात फाकवले. "ती बाई एवढं बोलली." मग चिमूट धरली. "तू एवढंसं सांगितलंस. मधलं कुठं गेलं?"

ट्राम आली, माणसं उतरली, चढली, ट्राम गेली. बेबीनं सांगितलं. खाली उतरलेली गाठ, आत गेल्यावरचा निर्णय, मानेतलं छिद्र, वेगळा आवाज, निम्मी निम्मी शक्यता. काही गाळलं नाही. तिनं काय उत्तर दिलं तेही सांगितलं. दादा ऐकताना रुळांकडे बघत होता.

"म्हणजे माझ्या नावानं तू हो म्हणून आलीस."

"दादा, तू उठून गेला असतास."

"गेलो असतो," दादा म्हणाला. "गळा माझा आहे."

बेबीनं त्याच्या पाठीवरून घसरणारा कोट सावरला. दादा म्हणाला, "उद्या दुसरं कुणीतरी बोलव. सांगणारं."

"अरे, पण मी सगळं..."

"तू बस शेजारी. बहीण म्हणून. तोंड मिटून."

परतीच्या ट्राममध्ये तो तिच्यापासून दोन बाक लांब बसला.

खोलीवर वहिनीनं त्याला गरम पाणी दिलं, पाय चोळून दिले, आणि सगळं कळलंय हे लक्षात आल्यावर बेबीकडे वळली. "राहवलं नाही ना तुम्हाला?" एवढंच म्हणाली.

सकाळी सर्जनबाईंच्या टेबलावर फोन ठेवला होता आणि त्यातून एक दुभाषे गृहस्थ बोलत होते. शुद्ध, संथ, ठणठणीत मराठी. "रुग्णाच्या श्वसनमार्गास छिद्र ठेवण्यात येईल."

दादानं भुवया उंचावल्या. "बातम्या देतोय का हा?"

पण दादाची कुजबुज फोनला ऐकू जाईना. "क्षमा करा, रुग्णाचे बोलणे पोचत नाही," गृहस्थ म्हणाले. दादानं पुन्हा जोर लावला, त्याला ठसका लागला. बेबी पुढे झुकली, आणि दादाच्या नजरेला नजर भिडताच तशीच मागे सरकली. हातावर हात गच्च दाबून बसून राहिली.

तेव्हा वहिनी उठली. दादाच्या तोंडापाशी कान नेला, ऐकलं, आणि फोनपाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "हे विचारतायत, सगळं काढलं तर माणूस किती जगतो? आणि थोडं राखलं तर किती?"

स्वतःच्याच तोंडून हे वाक्य निघाल्यावर ती क्षणभर टेबलाला धरून उभी राहिली. गृहस्थांनी विचारलं, बाईंनी उत्तर दिलं, गृहस्थांनी सांगितलं. सगळं काढण्यात धोका कमी. राखण्यात गाठ परत डोकं वर काढण्याची भीती जास्त. आत बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही.

"हे विचारतायत, जेवण गिळता येईल का? आंघोळ? बाजारातली धूळ चालेल का?"

एकेक प्रश्न वहिनीच्या कानातून आणि तोंडातून जात होता. मधेच दादा काहीतरी कुजबुजला आणि वहिनी ताठ झाली. "हे मी नाही विचारणार."

"विचार."

"हे विचारतायत," वहिनी लाल होत म्हणाली, "की बायकोशी भांडता येईल का?"

फोनमधले गृहस्थ पहिल्यांदाच अडखळले. सर्जनबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, येईल, पण थोडं सावकाश भांडावं लागेल.

मग दादा खिडकीबाहेर बघत बसला. कुणी घाई केली नाही. बेबीला वाटलं, आता उठेल. त्याचे पाय बघायचा तिला धीर होईना. शेवटी त्यानं वहिनीला जवळ ओढलं आणि बराच वेळ कानात बोलला.

"हे म्हणतायत," वहिनी म्हणाली आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली. "आत गेल्यावर... आवाज वाचवायच्या नादात..." बेबीच्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं, पण तिनं ते उच्चारलं नाही. वहिनीनं पदरानं नाक पुसलं आणि पुरं केलं, "वाचवायच्या नादात काही वाईट मागे ठेवू नका. काढायचं तर सगळं काढा."

ऑपरेशनच्या दिवशी दोघीजणी प्रतीक्षागृहात बसून राहिल्या. शिडी मधेच वाडगाभर सूप आणून ठेवून गेली. ते गार होऊन त्यावर साय धरली. भिंतीवरच्या पाटीत नावांऐवजी आकडे होते, दादाच्या आकड्यापुढे दिवा तांबडाच होता.

"ट्राममध्ये तुम्ही हसत होता," वहिनी एकदम म्हणाली.

"हो," बेबी म्हणाली.

"फार राग आला होता मला."

"मलाही आला होता. माझा."

वहिनीनं सुस्कारा सोडला आणि सुपाचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. "घ्या. तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही."

दुपार टळल्यावर सर्जनबाई आल्या. मुखपट्टी गळ्यात लोंबत होती. त्या उभ्या राहून बोलल्या आणि बेबीला एकही शब्द कळला नाही. कानावर नुसते आवाज पडत होते, पहिल्या वर्षी पहिल्या तासाला पडले होते तसे. वहिनी तिचा हात हलवत होती, "काय म्हणतायत? अहो, काय म्हणतायत?"

"परत सांगा," बेबी म्हणाली. "सावकाश."

बाईंनी परत सांगितलं. बेबी वहिनीकडे वळली.

"खाली गेलेली होती. सगळं काढावं लागलं. आत आता काही राहिलं नाही असं त्यांना वाटतंय, पण नक्की तपासणी आल्यावर कळेल. त्याला शुद्ध येतेय. मानेत नळी आहे, ती बघून घाबरू नका म्हणतायत. तो बोलू शकणार नाही."

वहिनी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. शेवटचं ऐकल्यावर म्हणाली, "चला. मला दाखवा."

पुढचे दिवस वाईट गेले. दादानं आपण होऊन सही केली होती, पण भोगायची वेळ आल्यावर तो सगळ्यांवरच उखडला. पाटी दिली होती लिहायला, त्यावर बेबीसाठी एकच शब्द असायचा: जा. ती जायची, आणि संध्याकाळी परत यायची. वहिनी नळी साफ करायला शिकली. पहिल्यांदा नर्सनं हात धरून करून घेतलं, मग ती नर्सलाच चुका दाखवू लागली, तेही आपल्या भाषेत, आणि नर्सला ते बरोबर कळायचं. तपासणी आली. काही राहिलेलं नव्हतं. तिकडे नातवाचा जन्म झाला, त्याचा फोटो वहिनीनं खाटेच्या दांडीला अडकवला. बेबीनं गिरणीची रजा वाढवून घेतली. तिचं ते सुंदर शहर आता औषधांचं दुकान, धुलाईखान्याची गल्ली आणि हॉस्पिटलची लिफ्ट एवढंच उरलं होतं.

मग दादाला झडप बसवली. आवाज शिकवणाऱ्या तरुण बाईनं त्याचा अंगठा मानेवरच्या छिद्रावर ठेवला आणि म्हणाली, श्वास सोडा. गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसा आवाज निघाला. दादानं चटका बसल्यासारखा अंगठा काढला. त्या दिवशी त्यानं परत हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कुणी न सांगता अंगठा ठेवला, दोनतीनदा नुसती हवा गेली, आणि मग वहिनीकडे बघून तो म्हणाला, "घरी जाऊ."

घरी गेल्यावर तो एकदा बाजारात गेला. त्याच्या जागी दुसरा माणूस पुकारत होता. उजाडायच्या आतच दादा परतला आणि मग कित्येक महिने तिकडे फिरकला नाही. शेवटी एका जुन्या व्यापाऱ्यानंच त्याला माल निवडायला बोलावलं. आता तो गाळ्यात बसून टोपल्या बघतो, अंगठा मानेला लावून बोलतो. त्या बाजारात कुणाला कुणासाठी थांबायला सवड नसते, पण दादाचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची लोकांना सवय झाली.

दरवर्षी तपासणीला मात्र या शहरात यावं लागायचं. पहिल्या वर्षी फोनवरचे गृहस्थ होते. दुसऱ्या वर्षी नाव नोंदवताना खिडकीमागच्या माणसानं दुभाष्याचं विचारलं, तेव्हा दादा अंगठा लावून म्हणाला, "नको. ही सांगेल." बेबीनं ते तसंच सांगितलं.

यंदा सर्जनबाईंनी गळा बघितला, फोटो बघितले आणि दादाच्या गुडघ्यावर थोपटलं. बेबीनं भाषांतर केलं, "म्हणतायत, सगळं उत्तम आहे. आता यायची गरज नाही. तिकडेच तपासत जा."

तिघंही बाहेर थांब्यावर येऊन उभी राहिली. ऊन होतं. वहिनी घरी फोन लावत होती, लेकाला आधी सांगू की सुनेला असं तिचं चाललं होतं. दादा बेबीकडे बघत होता.

"तुला वाईट वाटलं," तो म्हणाला.

"छे रे! आनंदाची बातमी आहे."

दादा बघतच राहिला.

"थोडंसं वाटलं," बेबी म्हणाली.

"मग तू ये की. कुणी अडवलंय?" दादानं दम घेतला, अंगठा नीट दाबला. "यायला काय गळाच दुखावा लागतो?"

वहिनी फोनवर हात ठेवून ओरडली, "अहो, सावकाश बोला! आणि ट्राम आली, चढा आधी."